रंजनोपचारकाची सनद



वैद्याला पदवी असावी, वकिलाला सनद असावी, शिक्षकाने अध्यापनाची परीक्षा दिलेली असावी, हे आपण सारे विनातक्रार मान्य करतो. परंतु रुग्णाबरोबर पत्ते खेळणाऱ्याला, त्याच्याकडून गाणे म्हणवून घेणाऱ्याला किंवा त्याला बागेत हिंडवून आणणाऱ्यालाही पदवी, उमेदवारी आणि परीक्षा ह्या तिन्ही पायऱ्या चढून प्रमाणपत्र मिळवावे लागते, असे कोणी सांगितले तर प्रथम हसूच यावयाचे. खेळावयास का कोठे परवाना लागतो? तथापि अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत असा एक व्यवसाय खरोखरीच उभा राहिला आहे. तेथे त्याला रिक्रिएशनल थेरपी असे म्हणतात. मराठीत आपण त्याला रंजनोपचार म्हणू, आणि तो करणाऱ्यास रंजनोपचारक. ह्या रंजनोपचारकाच्या हाती प्रमाणपत्र कसे आले, त्यासाठी किती वर्षे खटपट करावी लागली आणि त्या खटपटीत कोणते वाद माजले, ह्याची हकीकत आज मी आपणांस सांगणार आहे. ती केवळ परदेशची एक गंमत म्हणून सांगत नाही. २०२१ साली आपल्या पार्लमेंटने केलेल्या एका कायद्याने हा प्रश्न आपल्याही दारी आणून ठेवला आहे. त्याविषयी शेवटी बोलेन.

प्रथम रंजन आणि रंजनोपचार ह्यांतील भेद स्पष्ट केला पाहिजे. कारण तो कळला नाही तर पुढील साऱ्या खटाटोपाचे प्रयोजनच कळणार नाही. समजा, एका वृद्ध गृहस्थांना पक्षाघाताचा झटका आला आणि त्यांची डावी बाजू दुबळी झाली. अशा रुग्णांपैकी काहींच्या बाबतीत असे होते की, त्यांची दृष्टी शाबूत असूनही डाव्या बाजूकडे त्यांचे लक्षच जात नाही. ताटातील डावीकडची भाजी तशीच राहते. डावीकडून कोणी बोलले तर ते दुसरीकडेच पाहतात. आता शेजारचा एखादा सज्जन रोज तिसऱ्या प्रहरी येऊन त्यांच्याशी दोन डाव पत्ते खेळला, तर त्यांचा वेळ चांगला जाईल आणि मनही प्रसन्न होईल. हे रंजन झाले, आणि ते उत्तमच झाले. रंजनोपचारक तेच पत्ते घेतो; परंतु डाव मांडण्यापूर्वी तो बरीच चौकशी करतो. ह्या गृहस्थांना पूर्वी कशाची आवड होती, आज त्यांना काय जमते, काय जमत नाही, किती वेळात थकवा येतो, हे तो पाहतो. वैद्यांशी आणि परिचारिकांशी बोलून तो एक हेतू ठरवितो. मग पत्ते मुद्दाम थोडे थोडे डावीकडे मांडू लागतो. पहिल्या दिवशी किती पत्ते नजरेस आले, आठ दिवसांनी किती आले, ह्याची तो नोंद ठेवतो, आणि उपाय लागू पडत नसेल तर तो बदलतो. रुग्ण घरी गेल्यावर आपल्या जुन्या मित्रमंडळीत पुन्हा कसा बसू लागेल, ह्याचाही विचार तो आधीपासून करतो. चौकशी, योजना, अंमल आणि परीक्षण ह्या चार पायऱ्यांनी त्याचे काम चालते. पत्ते तेच, परंतु एका ठिकाणी ते वेळ घालविण्याचे साधन असते आणि दुसऱ्या ठिकाणी गेलेली शक्ती परत मिळविण्याचे.

आणि जे साधन गुण देऊ शकते ते अवगुणही करू शकते, हे विसरून चालणार नाही. निराशेने खचलेल्या माणसाला हारजितीच्या खेळात ओढले आणि तो चारचौघांत हरला, तर त्याची निराशा दुणावते. ज्याला फेफरे येते त्याला योग्य देखरेखीवाचून पोहावयास सोडले, तर जिवावरचा प्रसंग ओढवतो. ज्याच्या हातून हित किंवा अहित घडू शकते, त्याची पारख कोणी तरी केली पाहिजे. प्रमाणपत्राचा प्रश्न उद्भवतो तो येथे.

रुग्णाला रिझवावे ही कल्पना मात्र प्रमाणपत्राहून पुष्कळच जुनी आहे. युरोपात ती रुग्णसेवेची एक पद्धती म्हणून प्रथम रुजली ती वेड्यांच्या इस्पितळांत. इंग्लंडातील यॉर्क शहरी तेथील वेड्यांच्या इस्पितळात १७९० साली हॅना मिल्स नावाची क्वेकर पंथातील एक विधवा मरण पावली. तिच्या पंथबंधूंना तिची भेटसुद्धा घेऊ दिली गेली नव्हती. ह्या घटनेने व्यथित होऊन विल्यम ट्यूक ह्या चहाच्या व्यापाऱ्याने आपल्या पंथीयांच्या साह्याने एक निराळे घर काढले. १७९६ साली उघडलेले हे घर 'रिट्रीट' ह्या नावाने प्रसिद्ध आहे. तेथे साखळदंडांऐवजी सौजन्याने वागविण्याची रीत होती. रुग्णांना बागकाम, शिवणकाम आणि वाचन ह्यांत गुंतविले जाई. अंगणात ससे आणि कोंबड्या पाळलेल्या असत, त्यांना दाणापाणी घालता घालता रुग्णांचे मन निवे. विल्यमचा नातू सॅम्युएल ट्यूक ह्याने १८१३ साली ह्या घराचे वर्णन ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले आणि ती पद्धती दूरवर पोहोचली. येथे लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट ही की, ट्यूक हा वैद्य नव्हता. त्याच्यापाशी कोणतेही प्रमाणपत्र नव्हते; होती ती माणुसकी.

पुढे क्रिमियाच्या युद्धात फ्लॉरेन्स नाइटिंगेल ह्यांनी स्कुतारी येथे जखमी सैनिकांसाठी वाचनालय आणि मद्यावाचून करमणुकीची जागा उघडली. १८५९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या परिचर्येवरील पुस्तकात त्यांनी वैचित्र्य ह्या विषयाला एक स्वतंत्र प्रकरण दिले आहे. महिनोन्‌महिने त्याच त्या भिंती पाहून रुग्णाचे मन आणि मनाबरोबर शरीरही कसे झिजते, आणि फुले, रंग, हाताला थोडेसे काम ह्यांनी त्याला कसा आराम पडतो, हे त्यांनी स्वानुभवाने लिहिले. परिचर्येचा धंदा पुढे शिस्तबद्ध झाला, त्याला शाळा आणि परीक्षा आल्या. रंजन मात्र कित्येक वर्षे सवडीने करावयाचे पुण्यकर्मच राहिले.

ह्या पुण्यकर्माला शिक्षणाची जोड मिळाली ती अमेरिकेतील शिकागो शहरी. तेथे १८८९ साली जेन ॲडम्स आणि एलन गेट्स स्टार ह्या दोघींनी गरीब वस्तीत 'हल हाऊस' हे सेवाकेंद्र काढले. परदेशांतून आलेल्या मजुरांची मुले, बायका, वृद्ध ह्यांच्यासाठी तेथे वर्ग, खेळ, नाटके चालत. ह्याच वास्तूत नेवा बॉइड ह्या विदुषींनी १९२१ पासून काही वर्षे खेळ शिकविणारांची एक शाळा चालविली. सांघिक खेळ, नृत्य, नाट्य, व्यायाम आणि खेळाचे तत्त्वज्ञान असे विषय तेथे शिकविले जात. खेळ घेणे ही एक विद्या आहे आणि ती पद्धतशीर शिकविता येते, हे ह्या शाळेने दाखविले. इलिनॉय राज्यातील लिंकन येथे मंदबुद्धी व्यक्तींच्या सरकारी संस्थेत बर्था श्लॉटर आणि मार्गारेट स्वेंडसन ह्या दोघींनी योजनापूर्वक खेळ घेऊन त्यांचे परिणाम नोंदले आणि १९३२ साली त्यांचा वृत्तान्त छापला. हा खेळ आणि उपचार ह्यांची गाठ घालणाऱ्या अगदी आरंभीच्या प्रयोगांपैकी एक होय.

तथापि धंद्याला संख्याबळ आले ते दोन महायुद्धांमुळे. पहिल्या महायुद्धात आणि त्याहूनही अधिक दुसऱ्यात अमेरिकन रेडक्रॉसने लष्करी इस्पितळांतून रंजनाची कामे हाती घेतली. युद्ध संपले, परंतु जखमी घरी गेले नाहीत. हातपाय गमावलेले, दृष्टी गेलेली, मनाने मोडलेली हजारो तरुण मुले माजी सैनिकांच्या इस्पितळांत पडून राहिली. त्यांच्यापुढे प्रश्न एका दुपारचा नव्हता. पुढचे सारे आयुष्य कसे घालवावयाचे हा होता. ह्या इस्पितळांतून पगारी रंजनसेवक नेमले जाऊ लागले. कॅन्सस राज्यातील टोपीका येथे मेनिंजर कुटुंबातील वैद्यांनी चालविलेल्या मनोरुग्णालयात खेळ आणि छंद ह्यांना उपचारात आधीपासूनच स्थान होते. विल्यम मेनिंजर हे युद्धकाळात अमेरिकन सैन्याच्या मानसोपचार विभागाचे प्रमुख झाले आणि युद्धानंतर त्यांनी रंजनाचा पुरस्कार आपल्या अधिकारवाणीने केला. वैद्यांनीच हात पुढे केल्यामुळे रंजनसेवकांना बळ आले.

परंतु येथेच घोळ झाला. हे सेवक आले कोठून? कोणी शाळेतील व्यायामशिक्षक होते, कोणी नगरपालिकेच्या क्रीडांगणावरचे मार्गदर्शक, कोणी नाटकमंडळीतले, तर कोणी नुसतेच दयाळू. कोणी पदवीधर होते, कोणी नव्हते. एखाद्या इस्पितळाला मनुष्य नेमावयाचा झाला तर त्याची लायकी कशावरून ठरवावी, ह्यास काही प्रमाणच नव्हते. शिवाय त्यांच्या संस्थाही एक सोडून तीन निघाल्या. एक सार्वजनिक क्रीडाक्षेत्रातील मंडळींची इस्पितळ-शाखा, दुसरी आरोग्य आणि व्यायाम शिक्षकांच्या परिषदेची शाखा, आणि तिसरी रंजनोपचारकांची स्वतंत्र संस्था. १९५३ सालापर्यंत ह्या तिन्ही अस्तित्वात आल्या होत्या. तथापि शहाणपणाची गोष्ट ही की, त्याच १९५३ साली तिघींनी मिळून इस्पितळांतील रंजनाच्या उन्नतीसाठी एक संयुक्त मंडळ स्थापिले. ह्या मंडळाने पात्रतेचे नियम आखले आणि १९५६ साली ऐच्छिक नोंदणीची योजना सुरू केली. संचालक, मार्गदर्शक आणि सहायक अशा तीन दर्जांची ही नोंदणी होती. परीक्षा नव्हती, शिक्षण आणि अनुभव ह्यांचे दाखले पाहून नाव नोंदले जाई. कायद्याचा धाकही नव्हता. असे असले तरी हाच ह्या धंद्याचा पहिला प्रामाणिक पट होय.

१९६५ साली अमेरिकेतील क्रीडा आणि उद्यान क्षेत्रातील अनेक संस्था एकवटून एक राष्ट्रीय संघ झाला, आणि १९६६ साली त्याच्या आश्रयाखाली रंजनोपचारकांची राष्ट्रीय संस्था निघाली. नोंदणीचे काम तिच्याकडे गेले. आता सारे सुरळीत होईल असे वाटले. परंतु तसे व्हावयाचे नव्हते. कारण एक मूलभूत वाद मिटलेला नव्हता, आणि तो वाद आपणांसारख्या सामान्य माणसांनीही समजून घेण्याजोगा आहे.

एक पक्ष म्हणे, रंजन हे स्वतःच साध्य आहे. धडधाकट माणसाला खेळण्याचा जसा हक्क आहे तसाच अपंगाला आणि रुग्णालाही आहे. तो आनंदासाठी खेळो; त्याच्या प्रत्येक हसण्याचा औषधी उपयोग शोधू नका. पॉल हाउन ह्या मानसोपचारतज्ज्ञांनी १९६५ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात वैद्याच्याच भूमिकेवरून असे प्रतिपादन केले की, रंजन रुग्णाला हितकर आहे, परंतु त्याला उपचार म्हणणे यथार्थ नव्हे. दुसरा पक्ष म्हणे, आम्ही नेमक्या हेतूने खेळ योजतो, परिणाम मोजतो, मग आमच्या कामास उपचार का म्हणू नये? आणि उपचार न म्हटले तर इस्पितळात आमची जागा कोणती? पहिल्या पक्षाच्या मागे माणुसकीचा विचार होता, दुसऱ्याच्या मागे जबाबदारीचा, आणि खोटे कशाला बोला, थोडासा पोटापाण्याचाही. राष्ट्रीय संस्थेने १९८२ साली दोन्ही मतांना सामावून घेणारी भूमिका मान्य केली. उपचार, फावल्या वेळाचे शिक्षण आणि प्रत्यक्ष रंजन ही आपल्या कामाची तीन अंगे होत, असे तिने ठरविले. तडजोडीने कोणाचेच पुरते समाधान होत नाही. उपचारपक्षाच्या मंडळींनी १९८४ साली आपली निराळी संस्था काढली. ती आजही आहे; जुनी संस्था २०१० साली विसर्जित झाली.

ह्या भाऊबंदकीत प्रमाणपत्राचे तारू बुडाले असते. परंतु त्याआधीच एक दूरदर्शी गोष्ट घडली होती. १९८१ साली प्रमाणपत्र देण्याचे काम राष्ट्रीय संस्थेकडून काढून एका स्वतंत्र मंडळाकडे सोपविण्यात आले. ह्या मंडळाला रंजनोपचाराचे राष्ट्रीय प्रमाणन मंडळ म्हणता येईल. त्यामागील तत्त्व साधे आहे. जी संस्था सभासदांचे हित पाहते, तिनेच सभासदांची पारख करू नये. वर्गशिक्षकाने आपल्याच मुलांचा अंतिम निकाल लावू नये, असे आपण शाळांतूनही मानतो, आणि त्यात शिक्षकावर अविश्वास नसतो. परीक्षकाला एकाच वेळी दोन धनी नसावेत एवढेच त्यात अभिप्रेत असते. पुढे दोन संस्थांत फूट पडली तेव्हा प्रमाणपत्र दोघींच्याही बाहेर राहिल्यामुळे ते अबाधित राहिले.

ह्या मंडळाने घाईने परीक्षा घेतली नाही, हीही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. जन्माची तीस-पस्तीस वर्षे प्रश्नपत्रिका काढण्यात घालविलेल्या माझ्यासारख्या शिक्षकाला तर तिचे विशेष कौतुक वाटते. आम्ही बहुधा पुस्तक पुढे ठेवून प्रश्न काढतो. ह्या मंडळींनी प्रथम देशभर प्रत्यक्ष काम करणाऱ्यांना विचारले की, तुम्ही दिवसभर करता काय, त्यांतील कोणती कामे महत्त्वाची, आणि ती करावयास कोणते ज्ञान लागते. त्या उत्तरांच्या आधाराने परीक्षेचा आराखडा तयार झाला आणि परीक्षाशास्त्रात मुरलेल्या एका संस्थेच्या साह्याने १९९० साली पहिली परीक्षा झाली. पुढेही काही वर्षांच्या अंतराने कामाची अशी पाहणी करून परीक्षा बदलत्या कामाशी जुळती ठेवण्याची प्रथा त्यांनी पाळली.

आता त्या प्रमाणपत्राच्या अटी पाहा. उमेदवार पदवीधर असावा, आणि त्याने रंजनोपचाराचे तसेच शरीररचना, मानसशास्त्र अशा पूरक विषयांचे ठरावीक अध्ययन केलेले असावे. त्याने निदान १४ आठवडे आणि ५६० तास प्रमाणित रंजनोपचारकाच्या हाताखाली उमेदवारी करावी. मग परीक्षा. दुसऱ्या शाखेतून पदवी घेऊन दीर्घ अनुभव मिळविलेल्यांसाठीही मंडळाने बरीच वर्षे एक पर्यायी वाट मोकळी ठेवली होती. प्रमाणपत्र मिळाले म्हणजे जन्माचे झाले असेही नाही. ते ५ वर्षांपुरते असते. त्या अवधीत ४८० तास प्रत्यक्ष काम आणि ५० तास नवे शिक्षण झाल्याचे दाखवावे, नाही तर पुन्हा परीक्षेस बसावे, अशी पद्धत त्यांनी घातली. एकदा परीक्षा उतरल्यावर पुन्हा पुस्तकाकडे न पाहणारे लोक प्रत्येक धंद्यात असतात. आमच्या धंद्यात तर पुष्कळच. त्यांना हा नियम खासा उतारा होय.

मंडळाचे प्रमाणपत्र आणि सरकारी परवाना ह्या मात्र दोन निराळ्या गोष्टी आहेत. प्रमाणपत्र नसताना काम केले तर बहुतेक राज्यांत तो गुन्हा होत नाही. युटा राज्याने १९७५ सालीच रंजनोपचारकांना परवाना आवश्यक करणारा कायदा केला. नॉर्थ कॅरोलिनाने १९८६ साली प्रथम नुसत्या पदनामास संरक्षण दिले, म्हणजे पात्रता नसलेल्याने आपणास त्या नावाने म्हणवून घेऊ नये एवढेच ठरविले. प्रत्यक्ष परवान्याचा कायदा तेथे २००५ साली झाला. असे करणारी राज्ये मोजकीच आहेत. वृद्धांच्या शुश्रूषागृहांविषयी मध्यवर्ती सरकारने १९८७ साली जो कायदा केला, त्याला अनुसरून तेथील करमणुकीचा कार्यक्रम पात्र व्यक्तीच्या हाती असावा असा नियम झाला, आणि पात्र कोण हे ठरविताना अशा प्रमाणपत्रालाही स्थान मिळाले. उलटपक्षी २०१० पासून अमलात आलेल्या नियमान्वये पुनर्वसनाच्या इस्पितळांतील रुग्णाला दिवसाकाठी साधारण तीन तास उपचार मिळावेत असे ठरले, तेव्हा त्या तीन तासांच्या हिशेबात व्यायामोपचार, व्यवसायोपचार आणि वाचोपचार धरले गेले. रंजनोपचार धरला गेला नाही. म्हणजे प्रमाणपत्र हाती आले तरी तिजोरीची किल्ली आली नाही. पन्नासांहून अधिक वर्षे खपून मिळविलेला मान एखाद्या नियमाच्या एका ओळीत कसा अडतो, ह्याचे हे उदाहरण आहे.

येथवर ऐकून आपण म्हणाल, ह्या परक्यांच्या कथेचा आपणांस काय उपयोग? तर आता घराकडे वळू. रंजनोपचाराचा थोरला भाऊ म्हणजे व्यवसायोपचार. तो आपल्याकडे आला तोही अमेरिकेतूनच, आणि आला तो मुंबईत. एलिझाबेथ लंडी ह्या क्वेकर कुटुंबातील अमेरिकन बाई विष्णुपंत निंबकरांशी विवाह करून कमलाबाई निंबकर झाल्या. त्यांनी ह्या विद्येचे शिक्षण अमेरिकेत घेतले आणि परळच्या के. ई. एम. इस्पितळात तिचा आरंभ केला. १९५० साली तेथे व्यवसायोपचाराची शाळा सुरू झाली. ती हिंदुस्थानातील पहिली. १९५२ साली अखिल भारतीय संस्थाही निघाली. कमलाबाईंनी प्रथम काम दाखविले, मग शाळा काढली, मग संस्था उभारली. हा क्रम फार अर्थपूर्ण आहे.

रंजनोपचाराला आपल्याकडे अशी कमलाबाई लाभली नाही. मात्र २०२१ साली संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोग नेमणारा कायदा झाला. त्याच्या परिशिष्टात ज्या अनेक व्यवसायांची नावे आहेत, त्यांत कला आणि नृत्य ह्यांच्या द्वारा उपचार करणाऱ्यांच्या जोडीने रंजनोपचारकाचेही नाव आहे. ह्या कायद्याने मध्यवर्ती आणि प्रांतिक नोंदवह्या ठेवावयाच्या आहेत, आणि पदवीच्या पातळीवरील आरोग्य-व्यावसायिकाच्या शिक्षणास निदान ३६०० तासांची मर्यादा घातली आहे. अमेरिकेत आधी माणसे आली, मग शिक्षण, मग नोंदणी, आणि काही राज्यांत शेवटी कायदा. आपल्याकडे कायद्यात नाव आधी आले आणि माणसे मागून यावयाची आहेत. अशा वेळी एक धोका संभवतो, आणि तो सांगण्यासाठीच मी आज हा विषय घेतला.

धोका प्रमाणपत्रांच्या दुकानांचा आहे. कायद्यात नाव आले की, त्या नावाचा सहा आठवड्यांचा वर्ग उघडावयास आणि सोनेरी किनारीचा कागद छापावयास वेळ लागत नाही. तो कागद घेऊन उद्या कोणी ठाणे, येरवडा, नागपूर किंवा रत्नागिरी येथील मनोरुग्णालयात, अथवा आपल्याच आईवडिलांच्या वृद्धाश्रमात कामावर येईल, तेव्हा त्याची पारख कोणी करावयाची? रुग्ण ती करू शकत नाही. बाजारात भाजी घेणारा माणूस पारखून घेतो; अंथरुणाला खिळलेला माणूस जो येईल त्याच्या स्वाधीन असतो. प्रमाणपत्र हवे ते ह्या असहाय माणसासाठी. ते धारकाच्या भिंतीची शोभा म्हणून नको. अमेरिकेच्या हकीकतीतून मला जो बोध घ्यावासा वाटतो तो एवढाच आहे, आणि त्याला चार गोष्टींची जोड आहे. काम कोणते हे आधी ठरवावे आणि परीक्षा मागून घ्यावी. जाणत्याच्या हाताखाली उमेदवारी केल्यावाचून कोणास सनद देऊ नये. सनद देणारा आणि धंद्याचे हित पाहणारा हे निराळे असावेत. आणि दिलेली सनद ठरावीक काळाने पुन्हा तपासावी.

एक आक्षेप मात्र मनापासून विचारात घेतला पाहिजे. प्रमाणपत्रे आली म्हणजे विल्यम ट्यूकसारख्या प्रमाणपत्रहीन सज्जनाचे काय? रोज सायंकाळी इस्पितळात जाऊन रुग्णांना वर्तमानपत्र वाचून दाखविणाऱ्या निवृत्त कारकुनाला आपण दारातच अडविणार काय? तसे झाले तर तो करंटेपणा ठरेल. अमेरिकेतही प्रमाणित रंजनोपचारकांनी स्वयंसेवकांची हकालपट्टी केली नाही. त्यांच्याकडून नीट काम करून घेणे हा त्यांच्या कामाचाच एक भाग झाला. उपचाराची जबाबदारी घेणारा प्रमाणित असावा, आणि स्नेह देणाऱ्यांना दार सदैव उघडे असावे, ह्यात विरोध नाही. ज्या दोन पक्षांनी तिकडे इतकी वर्षे वाद घातला, त्या दोघांचेही म्हणणे रुग्णाच्या खाटेपाशी एकत्र नांदू शकते. पक्षाघाताने आजारी असलेल्या त्या गृहस्थांना सकाळच्या डावात डावीकडचे पत्ते शोधावयास लावणारा तज्ज्ञ हवा, आणि तिसऱ्या प्रहरी कसलीही नोंद न ठेवता नुसता खेळावयास येणारा शेजारीही हवा.

आपल्या घरातील कोणी दीर्घकाळ आजारी असेल, आणि एखादी संस्था आमच्याकडे रंजनोपचाराची सोय आहे असे सांगत असेल, तर संकोच न करता तीन गोष्टी विचारा. हा मनुष्य कोठे शिकला, कोणाच्या हाताखाली त्याने काम केले, आणि आमच्या माणसासाठी त्याने कोणता हेतू ठरविला आहे? खरा रंजनोपचारक ह्या प्रश्नांनी रागावणार नाही. अशा प्रश्नांना त्याला उत्तर देता यावे, एवढ्यासाठीच ही सारी सनदेची खटपट झाली.